पावणेसात इंचांची घोडदौड

शिक्केसाहेब हरत नसत. घरात ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती, म्हणजे त्यांना स्वतःला आणि त्यांच्या बायकोला. साहेबांना या गोष्टीचा अभिमान होता, बायकोला कंटाळा आला होता.

वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची छत्तीस वर्षं गेली होती आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. साहेब बाजारात शिरले की तराजू आपोआप सरळ उभे राहतात, असं दुकानदार गमतीनं म्हणत. कापडवाल्याची मोजपट्टी टोकाला केसभर झिजलेली असली तरी त्यांना लांबूनच कळायचं. पास झालेल्या मापावर ते शिक्का ठोकत, म्हणून सगळा बाजार त्यांना शिक्केसाहेब म्हणे. पुढे नातेवाईकही तेच म्हणू लागले.

दर रविवारी दुपारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत लढाई चाले. जेवणाच्या टेबलावर आठ फूट बाय पाच फुटांची प्लायवुडची फळी, तिच्यावर हिरवी चादर, चादरीखाली उशा कोंबून केलेल्या टेकड्या, निळ्या फितीचा ओढा, भांडी घासायच्या काथ्याचं जंगल. दोनशे वर्षांपूर्वी नेपोलियनच्या काळात फौजा जशा लढल्या, तशा या फळीवर लढवायच्या, असा हा खेळ. प्रत्येकानं आळीपाळीनं चाल करायची. पायदळ किती इंच सरकेल, घोडदळ किती, तोफ किती लांब मारेल, हे सगळं वहीत ठरलेलं. पट्टीनं मोजायचं, फासा टाकून कोण पडलं ते ठरवायचं. बारा चालींत ज्याचा सेनापती घेरला जाईल तो हरला. एक डाव संपायला दोन रविवार लागत. मधला आठवडाभर फळी तशीच मांडलेली राही आणि घरातली माणसं स्वयंपाकघरात ताटं मांडीवर घेऊन जेवत.

साहेबांचं सैन्य शिशाचं होतं. निळे कोट, पांढरे पट्टे, रंगवलेल्या मिशा. वीस वर्षं टपालानं एकेक डबी मागवून ते जमवलेलं. समोरचं सैन्य होतं गुलाबी. सगळंच्या सगळं हिरड्यांसारखं गुलाबी, कारण ते हिरड्यांच्याच मसाल्याचं होतं.

ते सैन्य कवळीवाल्यांचं.

कवळीवाले म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात. त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचा, मेणात दात बसवायचे, मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरून गरम पाण्यात पिकवायचा, मग घासून, चकाकवून कवळी डबीत घालून परत पाठवायची, हे काम ज्या मागच्या खोलीत चालतं, त्या खोलीतला माणूस. सोळाव्या वर्षी कामाला लागले ते अडतीस वर्षं त्याच स्टुलावर. बुटके, खांद्यात वाकलेले, भुवयांत कायम प्लास्टरची पूड. ज्यांच्यासाठी दात केले त्यातला एकही माणूस त्यांना ओळखत नव्हता. ते मात्र दात ओळखत. रस्त्यानं चालताना मध्येच थांबून हळूच म्हणायचे, "साहेब, त्या पिवळ्या साडीतल्या बाई हसल्या ना, ते हसू माझं."

कवळीवाल्यांची बायको लवकर वारली, मागे एक लहान मुलगी. मुलीला खोलीत घेऊन कामाला बसायचं, तर तिला काहीतरी हातात द्यायला हवं. रोज वाटीत चिमूटभर मसाला उरायचा, तो दगडासारखा होऊन फेकला जाई. त्याचा त्यांनी एक शिपाई केला. मग दुसरा. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन लांबच्या गावी गेली, शिपाई होतच राहिले. साहेबांचे दोन दात तुटले तेव्हा घाई होती म्हणून डॉक्टरांनी त्यांना थेट या खोलीवर पाठवलं. खिडकीत दोनशे गुलाबी शिपाई रांगेनं वाळत उभे होते. साहेब दात विसरले.

"हे कुणाशी लढतात?"

"अजून कुणी भेटलं नाही," कवळीवाले म्हणाले.

तिथून सुरुवात झाली. अडचण एकच होती. गुलाबी शिपाई उंचीला कमी. शिशाचा चार बोटं धरला तर गुलाबी तीन. शेजारी उभे केले की बाप आणि शाळकरी पोर दिसत. इतक्या बेजोड फौजा एका मैदानात कशा लढवायच्या? साहेबांनी दोन रात्री विचार करून निकाल दिला. लहान माणसाचं पाऊल लहान, तेव्हा गुलाबी सैन्याची सगळी अंतरं पाऊणपट. त्यांनी वहीत तक्ता आखला आणि कवळीवाल्यांसाठी स्वतःच्या हातानं पितळेची पट्टी कापून, खुणा कोरून दिली.

"साहेबांनी केलेलं माप म्हटल्यावर बघायलाच नको," कवळीवाले म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी ते कधी बघितलं नाही.

आणखी एक नियम होता. हरणाऱ्याचा सेनापती जिंकणाऱ्याच्या घरी कैदेत राही. पुढच्या डावाला त्याला मैदानात आणायचं, हरला तर परत कैदेत. डाव बरोबरीत सुटला तर जो जिथे आहे तिथेच. गुलाबी सेनापती पहिल्या डावात हरला आणि साहेबांच्या कपाटावर, रेडिओच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याला अकरा वर्षं झाली. कवळीवाल्यांनी सगळ्यात जास्त मेहनत त्याच्यावर घेतली होती. टोपीवरचा तुरा म्हणून खऱ्या कवळीतला एक इवला पांढरा दात बसवला होता. पण तो त्यांच्या खिडकीत एक दिवसही राहिला नव्हता.

साहेब डावांची नोंदवही ठेवत. अनुक्रमांक, तारीख, विजेता, शेरा. पहिल्या ओळीत 'विजेता' या रकान्यात त्यांनी 'स्वतः' असं लिहिलं होतं. त्याखाली पानांमागून पानं 'वरीलप्रमाणे'. अधूनमधून एखादी 'बरोबरी'. शेरा मात्र बहुतेक वेळा एकच असे : गुलाबी घोडदळ एक बोट कमी पडले.

दोनशे तिसावा डाव शेवटचा ठरणार होता. कवळीवाल्यांची नजर बारीक कामाला साथ देईना, त्यांनी खोली सोडली आणि ते मुलीकडे कायमचे निघाले. मंगळवारची गाडी होती.

"अहो, एकदा तरी जिंकू द्या त्यांना," बायको म्हणाली. "तो बिचारा दातवाला सेनापती धूळ खाऊन करडा झालाय. जाऊ दे घरी."

"जिंकू देता येत नाही. जिंकावं लागतं," साहेब म्हणाले. "ढिलं खेळलेलं त्यांना कळेल. त्यांचा अपमान होईल तो."

"अपमान म्हणे! मग कपाट तुम्हीच पुसत जा."

पहिल्या रविवारी सहा चाली झाल्या. साहेबांची फौज मधल्या टेकडीवर होती, गुलाबी फौज ओढ्याच्या अलीकडे. सहा गुलाबी घोडेस्वार कुठे तर पार फळीच्या काठाकाठानं, काथ्याच्या जंगलामागून रांगत चाललेले. साहेबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिलं. तिथून ते बारा चालींत कुठेही पोचणारे नव्हते. गुलाबी घोडा एका चालीत किती चालतो, हे त्यांच्या डोळ्यात अकरा वर्षं मुरलेलं होतं.

दुसऱ्या रविवारी कवळीवाले आले ते कपाळावर हात मारतच.

"वहिनी, घात झाला. साहेब, पट्टी खोक्यात गेली. अकरा खोकी बांधून ठेवलीत जावयानं, कुठल्यात ते त्यालाही माहीत नाही."

"त्यात काय," साहेबांनी ड्रॉवरमधून आपली ऑफिसची स्टीलची पट्टी काढून दिली. "ही घ्या. शिक्क्याची आहे."

"भाऊजी, आधी चहा घ्या," बायको आतून म्हणाली.

"घोडे हलवतो आणि घेतो."

सातवी चाल. नेहमीप्रमाणे आधी गुलाबी फौज. कवळीवाल्यांनी वहीतला तक्ता पाहिला. गुलाबी घोडदळ : नऊ इंच. त्यांनी ओढ्याकाठच्या घोडेस्वारांपुढे स्टीलची पट्टी ठेवली, नऊ मोजले, आणि घोडे ओढा ओलांडून पलीकडे गेले. चांगलेच पलीकडे.

"हां हां, थांबा," साहेब हसत म्हणाले. "इतके नाही जात ते. तुमची पट्टी पाऊणपटीची होती ना? ही साधी आहे. हिच्यावर नवाचं पाऊणपट धरायचं. म्हणजे पावणेसात."

"बरोबर, बरोबर," कवळीवाले म्हणाले आणि घोडे मागे घ्यायला वाकले.

तेवढ्यात साहेबांची नजर वहीतल्या त्याच तक्त्यावरच्या वरच्या ओळीवर पडली. शिशाचं घोडदळ : बारा इंच. त्याखाली, गुलाबी घोडदळ : नऊ.

बाराचं पाऊणपट नऊ.

साहेबांनी पुन्हा वाचलं. अक्षर त्यांचंच होतं. म्हणजे तक्त्यात अंतर पाऊणपट करूनच लिहिलेलं होतं. आणि त्यानंतर त्यांनी जी पितळेची पट्टी करून दिली, तिच्यावरचा इंचही पाऊण इंचाचाच होता. दोन्हींतलं एक पुरेसं होतं. त्यांनी दोन्ही केलं होतं. एकच वजावट दोन ठिकाणी झाली होती. बाराचे नऊ, आणि नवाचे पावणेसात. तोफांचंही तसंच, पायदळाचंही तसंच. अकरा वर्षं. दोनशे एकोणतीस डाव.

कवळीवाले घोड्याच्या मानेला दोन बोटांनी धरून वाट बघत होते. "पावणेसात म्हणजे इथे ना?"

"हं" एवढं म्हटलं तरी पुरे होतं. कुणाला काहीही कळलं नसतं. मंगळवारी गाडी होती. नोंदवहीत एकदा 'वरीलप्रमाणे' लिहून वही मिटता आली असती. त्याच हातांनी साहेबांनी बाजारात शेकडो पट्ट्या जप्त केल्या होत्या, आणि प्रत्येक दुकानदार हेच म्हणाला होता, साहेब, मला माहीतच नव्हतं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे : गिऱ्हाइकाला कमीच मिळालं ना?

ते खुर्चीवर बसले.

"कवळीवाले, माझं चुकलंय."

"काय?"

"तुमचं माप. पहिल्या दिवसापासून खोटं आहे." मग त्यांनी तक्ता दाखवला, बोट ठेवून सांगितलं, बाराचे नऊ, नवाचे पावणेसात. सांगताना त्यांचा आवाज कचेरीतल्यासारखा कोरडा झाला होता, कारण दुसरा कुठला आवाज त्यांच्याजवळ त्या वेळी नव्हता.

बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. "अगं बाई! तुम्ही? माप मारलंत?"

कवळीवाल्यांनी घोडा खाली ठेवला. भुवया वर गेल्या, तशी थोडी पांढरी पूड गालावर पडली. आधी ते हसले, मग एकदम विचारलं, "म्हणजे ते दर वेळचं एक बोट..."

"हो. ते एक बोट माझं."

साहेबांना एकेक डाव आठवू लागला. पुलावरचा डाव, ज्यात गुलाबी घोडे तोफांपाशी येऊन थबकले. ज्या डावात फक्त तीन निळे शिपाई उरले होते तो डाव. किती बरोबऱ्या! हा माणूस अर्ध्याहून थोडीशीच लांब पावलं घेऊन अकरा वर्षं त्यांच्या उंबऱ्यापर्यंत येत होता. आपण स्वतःला सेनापती समजत होतो. समोर कोण बसलंय हे आपल्याला आज कळतंय.  लाज तर होतीच. पण लाजेच्या वर, लहानपणी पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा जे वाटलं होतं, तसलं काहीतरी होतं.

"तुम्ही हे कसं केलंत?" त्यांनी विचारलं. "इतक्या आखूड मापात इतक्या जवळ कसे यायचात?"

कवळीवाले अवघडले. "कसं म्हणजे... गुरुवारी कवळी द्यायची तर बुधवारी घासायची, म्हणजे मंगळवारी पिकवायची, म्हणजे सोमवारी दात बसायला हवेत. प्लास्टरला घाई चालत नाही. शेवटापासून मागे मोजत यायचं आणि लवकर सुरू करायचं. माझे घोडे हळू आहेत हे मला माहीत होतं. हळू आहेत तर आधी निघायचं."

"नऊ इंच घ्या," साहेब स्टीलची पट्टी पुढे करत म्हणाले. "आजपासून खरं माप. घोडे ओढ्यापलीकडेच राहू देत."

कवळीवाल्यांनी फळीकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी ओढ्यापलीकडचे घोडे एकेक करून उचलले आणि मागे, अलीकडच्या काठावर आणून ठेवले.

"नको. जुनंच माप राहू दे."

"अहो भाऊजी, डोकं फिरलं का?" बायको म्हणाली. "अकरा वर्षांचं येणं आहे तुमचं!"

"वहिनी, डाव मांडलाय तो पावणेसातावर. साचा एका मापाचा आणि दात दुसऱ्या मापाचे, असं चालत नाही."

 साहेबांनी जुन्या पुठ्ठ्याची पट्टी घेतली, पावणेसातावर खूण केली, दोनदा तपासली आणि कापली. आयुष्यात पहिल्यांदा ते जाणूनबुजून खोटं माप तयार करत होते, आणि तेही केसभर इकडेतिकडे होऊ नये म्हणून श्वास धरून.

डाव पुढे सुरू झाला. साहेब मनापासून खेळले. ढिलं खेळणं आता पाप ठरलं असतं. आठव्या चालीला गुलाबी पायदळ पुलाकडे सरकलं. नवव्या चालीला साहेबांना तिथे संधी दिसली. दहाव्याला त्यांनी टेकडीवरची राखीव तुकडी, उंच केसाळ टोप्यांचे त्यांचे सगळ्यात आवडते शिपाई, पुलावर उतरवली. फासे चांगले पडले. गुलाबी शिपाई एकामागून एक आडवे होत होते आणि कवळीवाले त्यांना हलकेच उचलून डबीत निजवत होते. अकराव्या चालीअखेर पूल साहेबांचा झाला. टेकडीवर उरला फक्त त्यांचा सेनापती आणि दोन ढोलवाले.

बारावी चाल. कवळीवाल्यांनी पुठ्ठ्याची पट्टी घेतली आणि ते टेबलाला वळसा घालून साहेबांच्या बाजूला, अगदी त्यांच्या कोपराजवळ आले.

"जरा सरकता का?"

साहेब सरकले. टेकडीच्या मागच्या उताराखाली, चादरीच्या घडीत सहा गुलाबी घोडेस्वार उभे होते. काठाकाठानं रांगत चाललेले, सोडून दिलेले, कुठेही न पोचणारे सहा.

पट्टी चादरीवर टेकली. तिचं एक टोक घोड्याच्या छातीला आणि दुसरं निळ्या सेनापतीच्या बुटाला लागलं. मध्ये कागद सरकवायलाही जागा नव्हती.

कवळीवाल्यांनी सहाही घोडे उचलून निळ्या सेनापतीभोवती मांडले. तो घेरला गेला होता. 

"मागच्या पंधरवड्यात, डाव सुरू व्हायच्या आधी, दोरा लावून मोजलं होतं," कवळीवाले जवळजवळ माफी मागितल्यासारखं म्हणाले. "तुम्ही फळी मांडून ठेवली आणि ऑफिसला गेलात, तेव्हा वहिनींना विचारून आलो होतो. जंगलामागून टेकडीवरच्या तुमच्या सेनापतीपर्यंत, माझ्या पट्टीनं एकशे आठ. बारा चाली, नवाची एक. एकही जास्त नाही."

साहेबांनी मनात हिशेब केला. बारा वेळा पावणेसात, एक्क्याऐंशी. निम्मे पहिल्या सहा चालींत सरले होते; उरलेले साडेचाळीस खऱ्या मापानं घेतले असते तर हे घोडे अकराव्या चालीलाच इथे आले असते.

"मग खरं माप का नाही घेतलंत? एक चाल आधीच पोचला असतात!"

"आधी पोचून काय करू? दहाव्या चालीलाच माझे घोडे टेकडीखाली येऊन तुम्हाला दिसले असते, आणि तेव्हा तुमचे ते उंच टोपीवाले टेकडीवरच होते ना. त्यांनी माझ्या सहा पोरांना चिरडलं असतं. तुम्ही त्यांना दहाव्याला खाली उतरवता, पूल हातात यायला लागला की. नेहमीच उतरवता."

"नेहमी?"

"अकरा वर्षं बघतोय साहेब."

शिक्केसाहेब उभे राहिले. काय करावं हे त्यांना सुचेना, म्हणून ते नियमाप्रमाणे वागले. निळा सेनापती उचलून दोन्ही हातांनी त्यांनी पुढे केला. बायकोनं गुलाबी सेनापती मैदानातून उचलला, पदरानं त्याच्या टोपीचा तुरा पुसला, दात पुन्हा पांढरा झाला.

"घ्या भाऊजी. आमच्याकडे काही कमी पडलं असेल तर सांभाळून घ्यायला सांगा त्याला."

कवळीवाल्यांनी खिशातून कवळीची डबी काढली. कापसात दोन्ही सेनापती शेजारी शेजारी निजवले, एक चार बोटांचा, एक तीन. झाकण दाबून लावलं. 

"कैदी पुढच्या डावाला परत आणायचा असतो," ते दारात म्हणाले. "पण मी आता कुठला येतोय."

"मी येईन," साहेब म्हणाले. "चार महिन्यांनी मला कुठे ऑफिस आहे? सोडवायला हवा ना त्याला. तिकडे फळी मिळते का बघून ठेवा, आठ बाय पाच."

"आणि माप?"

"माप तुम्ही करा. माझ्या मापाचं काही सांगू नका."

ते गेल्यावर साहेबांनी नोंदवही उघडली. अनुक्रमांक, दोनशे तीस. तारीख लिहिली. 'विजेता' या रकान्यापाशी पेन थांबलं. अकरा वर्षं तिथे हात आपोआप 'वरीलप्रमाणे' लिहीत आला होता, आणि आता माणसाचं पूर्ण नाव लिहायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की ते आपल्याला माहीतच नाही. त्यांनी आत हाक मारली.

"अगं, कवळीवाल्यांचं नाव काय गं?"

"मला काय माहीत? मी भाऊजी म्हणते."

साहेबांनी चपला घातल्या आणि वही काखेत मारून ते रस्त्यावर आले. कवळीवाले अजून कोपऱ्यापाशीच होते, नेहमीसारखे हळू चाललेले. साहेब हळू चालणाऱ्या त्या पाठीकडे क्षणभर बघत राहिले, मग घाईघाईनं त्यांना गाठायला निघाले.